महोगनी बॉडीत फिलर भरला, तरी आडव्या उजेडात चिरा दिसतात. आता लॅकर मारू का?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरीच कापून तयार केली आहे. महोगनीचे दोन तुकडे मधोमध जोडलेले, वर मेपलच्या लाकडाचा थर वगैरे काही नाही. २२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासून झाली. रंग पारदर्शक लाल हवाय, चेरी म्हणतात तो, आणि वर नायट्रोसेल्युलोज लॅकरची (थिनर उडून सुकणारं पारदर्शक फिनिश, थोडक्यात नायट्रो) तोंड दिसेल अशी चकाकी. स्प्रेचे कॅन आणून ठेवलेत.

पाण्यावर चालणारा तयार ग्रेन फिलर (लाकडाची छिद्रं बुजवायचा लगदा) जुन्या प्लॅस्टिक कार्डानं ओढून भरला, वाळल्यावर घासला, पुन्हा भरला. समोरून बघितलं तर काच. पण टेबललॅम्प बाजूला ठेवून उजेड आडवा पाडला की रेषेच्या दिशेनं बारीक बारीक चिरा उमटतात, मागच्या बाजूला जास्त. नखाला लागत नाहीत, डोळ्याला मात्र टोचतात.

एक जण सांगतो की लॅकरचे हात वाढवले की हे आपोआप भरून निघतं. दुसरा म्हणतो सगळं खरवडून इपॉक्सी (दोन घटक मिसळले की घट्ट होणारी रेझिन) लावा. आणि लाल रंग फिलरच्या आधी द्यायचा होता की नंतर, यावर तर कुणाचंच एकमत नाही. कॅन हलवून तयार आहे, बोट नोझलवर आहे. काय करू?

---

दोन_पिकअप

बोट काढा. इपॉक्सी लावा. पाण्याचा फिलर वाळताना पाणी सोडतो, म्हणजे आकसणारच. इपॉक्सीत उडून जाण्यासारखं काही नसतं, जेवढी भरली तेवढी राहते. पाच मिनिटांत आवळणारी घेऊ नका, पातळ, हळू वाळणारी फिनिशिंग रेझिन घ्या. कार्डानं दाबून पसरा, जास्तीची ओढून काढा, दुसऱ्या दिवशी घासा, पुन्हा एकदा तेच. विषय संपला.

---

घोटाई

लॅकर मारू नका. आणि दोन_पिकअप म्हणतात तसा विषय इतक्यात संपतही नाही.

माझी उभी हयात टेबलं, दारं आणि कपाटं पॉलिश करण्यात गेली, गिटारी उतारवयात घरात शिरल्या. लाकडाला त्यातला फरक कळत नाही, त्यामुळे बोलायचं धाडस करतो.

आधी त्या "आपोआप भरून निघतं"चा निकाल लावू. स्प्रे कॅनमधल्या नायट्रोत घट्ट माल फार थोडा असतो. जेवढं फवारता त्याचा पाचवा हिस्सासुद्धा लाकडावर राहत नाही, बाकीचा थिनर, तो उडाला. चिरेत शिरलेलं लॅकर तसंच उडतं आणि उरलेला पापुद्रा चिरेच्याच आकारात बसतो. हातावर हात मारून, घासून सपाट केलंत तर त्या दिवशी देखणं दिसेल. मग लॅकर आठवड्यामागून आठवडे आवळत राहतं, आणि जिथे खाली पोकळ होतं तिथे ते सगळ्यात जास्त बसतं. चिरा परत वर. शिवाय तेवढं सपाट करायच्या नादात कडांवरचा रंग उडालेला असतो तो वेगळाच. व्हिडिओवाल्यांचं एक बरं असतं, कॅमेरा समोरून असतो आणि व्हिडिओ त्याच आठवड्यात टाकलेला असतो.

आता तुमच्या चिरा कोणत्या जातीच्या आहेत ते बघू. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन, मोठं करून बघा. चिरेच्या तळाशी फिलर दिसतोय आणि तो नुसता खाली गेलाय, तर फिलर बसला, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तळ रिकामा, काळा दिसत असेल तर फिलर आत राहिलाच नाही, तुम्हीच तो ओढून बाहेर काढलात किंवा आत जाऊच दिला नाहीत. याला बहुधा दोन कारणं. एक म्हणजे घासल्यावर छिद्रांत भुसा ठासलेला होता आणि फिलर त्या भुशावर बसला. फुंकर मारून तो निघत नाही, नायलॉनचा कडक ब्रश रेषेच्या दिशेनं फिरवून मग व्हॅक्यूम लावावा लागतो. दुसरं म्हणजे कार्ड रेषेला समांतर ओढलं. भरताना कसंही दाबा, पण पुसताना हात नेहमी रेषेला तिरका किंवा आडवा. समांतर ओढलं की कार्डाची कड छिद्रात उतरते आणि माल उपसून घेऊन जाते.

महोगनीची छिद्रं म्हणजे लांबट नळ्या, पृष्ठभागावर तासल्या गेलेल्या. मेपल, अल्डर, बासवुडला हा उपद्व्याप लागत नाही, त्यांची छिद्रं इतकी बारीक की सीलरनंच भागतं. फेंडर कंपनीनं १९५६ च्या सुमारास आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसाठी अ‍ॅशऐवजी बहुतेक करून अल्डर वापरायला घेतलं. त्याची कारणं काहीही असोत, फिलर भरणाऱ्याचे हात नक्कीच वाचले असतील. अ‍ॅश, महोगनी, अक्रोड, साग घेतलात की भरणं आलं.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. फिलरचा रंग कोणता आहे?

---

सहावी_तार

घोटाईकाका, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. कॅमेऱ्यानं बघितलं. बहुतेक ठिकाणी तळाशी फिलर दिसतोय, म्हणजे बसलाय. मागे खालच्या बाजूला थोड्या रिकाम्या चिराही आहेत. कार्ड समांतर ओढायचं नाही हे कुठेच वाचलं नव्हतं.

फिलर "नॅचरल" आहे. डब्यात पिठूळ पांढरट, वाळल्यावर फिकट बदामी. का हो?

---

घोटाई

तीच भीती होती.

पारदर्शक लालखाली फिकट फिलर म्हणजे लाल जमिनीवर हजारो फिकट गुलाबी शिंतोडे. लाकूड डाय (विरघळणारा पारदर्शक रंग) पितं, फिलर आपल्या मर्जीनं पितो, बरेचदा नाहीच. महोगनीची शोभा नेमकी उलट असते: छिद्र गडद, जमीन उजळ. फिलर लपवायचा असतो हा गैरसमज आहे. पारदर्शक रंगाखाली तो दिसणारच, म्हणून तो कसा दिसावा ते आपण ठरवायचं.

बॉडीच्याच उरलेल्या तुकड्यावर तुमचा फिलर भरा, घासा, आणि वर टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. ओलं असेपर्यंत लॅकरखाली कसं दिसेल त्याचा बराचसा अंदाज येतो. शिंतोडे डोळ्याला खटकले नाहीत तर माझं पुढचं वाचू नका.

खटकले, तर फिलर बसला हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. चिरेत वर थोडी जागा शिल्लक आहे. त्या जागेत आता गडद फिलर जाऊ द्या, खालचा फिकट झाकला जाईल. तोच पाण्याचा फिलर घ्या, त्यात पाण्यात मिसळणारं गडद तपकिरी रंगद्रव्य घाला. काळ्याचा थेंब चालेल, पण नुसता काळा लालखाली फार कडक दिसतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून डब्यात वाटतो त्यापेक्षा गडदच करा. दह्याइतका घट्ट असतो तो थोडं पाणी घालून सैल करा. पातळ फिलर बारीक चिरेत नीट उतरतो.

जिथे आधीचा फिलर काठोकाठ आहे तिथे मात्र वर जागा नाही, तिथे फिकटच दिसेल. काही पाण्याचे फिलर पाणी लागलं की परत मऊ होतात. तुमचा तसला असेल तर ब्रश जेमतेम ओलसर करून रेषेच्या दिशेनं घासलात की वरचा थर सुटतो. मऊ होत नसला तर तेवढे सोडून द्या, मिश्र दिसेल पण रंगाखाली वाईट दिसत नाही.

गडद फिलर भरायच्या आधी एक काम करा, हे फर्निचरवाल्यांचं आहे आणि गिटारवाले विसरतात: शेलॅकचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक पातळ हात. मेण काढलेलं शेलॅक, लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम, त्याहून दाट नको. फडक्यानं पुसल्यासारखं लावायचं. यानं लाकूड बंद होतं आणि गडद फिलर फक्त चिरेत राहतो, जमीन मळवत नाही. छिद्राचे काठही घट्ट होतात, पुसताना माल उपसला जात नाही. मेण काढलेलंच घ्या, कारण मेणावर पुढचे काही फिनिश नीट धरत नाहीत. आणि फ्लेक्स विरघळवून ठेवलेलं शेलॅक फार जुनं झालं की वाळायचं नाव घेत नाही, नुसतं चिकट राहतं. ताजं करा, काचेवर थेंब टाकून बघा.

फिलर ओढून झाला की खरखरीत जाड कापड तिरकं फिरवून वरचं मळकट आवरण काढायचं. गोणपाटासारखं काही असेल तर उत्तम. वाळू द्या. डब्यावर दोन तास लिहिलंय? रात्रभर ठेवा. मग ३२० नंबर, सपाट जागी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटानं घासलंत तर बोटांच्या खाचा पडतात, आणि त्या तुमच्या आडव्या उजेडात चिरांपेक्षा वाईट दिसतात. शेलॅकच्या थरापर्यंत घासायचं, लाकडात शिरायचं नाही.

आता रंग आधी की नंतर. तुमच्या बाबतीत प्रश्न निकालात निघाला: लाकडात फिलर आणि शेलॅक गेलंय, ते आता डाय एकसारखं पिणार नाही. कुठे पिईल, कुठे नाही, चट्टे पडतील. म्हणून रंग लाकडाला न देता वरच्या थराला द्या. लाल डाय मिसळलेलं पारदर्शक लॅकर पातळ पातळ फवारून चढवा. कॅन तसलेच असतील तर हरकत नाही. थांबायचं कुठे ते मात्र दिवसाउजेडी ठरवा. ओलं असताना वाटतं त्यापेक्षा सुकल्यावर आणि वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी लॅकर, चढल्यावर खोली वेगळी दिसते, म्हणून त्या तुकड्यालाही सोबत प्रत्येक हात देत जा.

ज्याला लाकूडच रंगवायचंय त्यानं क्रम उलटा धरावा: डाय, शेलॅक, गडद फिलर, आणि घासताना जिवाचा आटापिटा. एकदा आरपार गेलं की तिथे फिकट डाग.

---

दोन_पिकअप

शेलॅकचं मान्य. पण काका, इपॉक्सीला तुम्ही बगल दिलीत.

---

घोटाई

दिली खरी. इपॉक्सी चांगलीच आहे, आवडत नाही एवढंच. तुम्हीच लिहा ना नीट, नुसतं "विषय संपला" म्हणू नका.

---

दोन_पिकअप

घ्या. इपॉक्सी लाकडाला ओलं केल्यासारखी खोली देते, ते इतर फिलरना जमत नाही. छिद्र भरलेलं असूनही पारदर्शक राहतं, आत डोकावल्यासारखं दिसतं. काचेसारखी चकाकी हवी असेल तर माझ्या मते दुसरा पर्याय शोधू नये.

सांभाळायच्या गोष्टी: खोली तापत असताना लावू नका. लाकूड गरम होत असलं की छिद्रातली हवा फुगते आणि रेझिनमधून बुडबुडे काढते. दुपार उलटून गारवा उतरायला लागला की लावा, मग हवा आकसते आणि रेझिन आत ओढली जाते. आवळल्यावर वर कधीकधी तेलकट, मेणचट थर येतो. घासण्याआधी तो साध्या पाण्यानं आणि खरखरीत पॅडनं धुवा. तसाच घासलात तर पेपर चिकटतो आणि वरचं लॅकर रुसतं. आणि थर ठेवायचा नाही. परत लाकूड दिसेपर्यंत घासायचं, इपॉक्सी फक्त छिद्रात उरली पाहिजे. दोन थरांच्या मधून घासलं की नकाशासारख्या रेषा दिसतात, कारण इपॉक्सीचा नवा थर जुन्यात विरघळत नाही. नायट्रो आणि शेलॅकचं तसं नाही, ते खालच्या थरात मिसळून एक होतात.

इपॉक्सीनंतर लाकूड डाय पीत नाही हेही खरं. रंग आधी, नाहीतर लॅकरमध्ये.

---

मॅट_बरा

मी विरुद्ध पक्षाकडून. महोगनी आहे, छिद्रं दिसली तर काय आकाश कोसळतंय? गनस्टॉकला लावतात तसल्या तेलात ४०० नंबरचा वॉटर पेपर बुडवून घासा. तेल आणि भुशाचा लगदा होतो, तोच छिद्रात जातो, रंगही लाकडाचाच. हवं तर दोन-तीनदा करा, नको तर पहिल्यावर थांबा. स्प्रे नाही, मास्क नाही, महिनाभर वाट बघणं नाही. हातात घेतल्यावर लाकूड लागतं, प्लॅस्टिक नाही.

---

रसायनी

मॅट_बरा यांची पद्धत छान, पण एक वाक्य राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. जवस किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते आणि घडीत ती कोंडली जाते. फडकी मोकळ्यावर सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. गंमत म्हणून सांगत नाही.

नायट्रो मारणाऱ्यांसाठी: धुळीचा कागदी मास्क बाष्पाला काही करत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला रेस्पिरेटर लागतो. आणि जवळपास ज्योत, हीटर, ठिणगी पाडणारा पंखा नको. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन स्प्रे कॅनची शिफारस अजून कुणी केलेली नाही, पण करेल, म्हणून आधीच लिहितो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एकदा त्यांची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अत्यल्प मात्रेनंही दमा उठतो. ज्याच्याकडे बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि योग्य बूथ आहे त्यानंच ते करावं. घराच्या बाल्कनीत नाही.

हवा दमट असेल तर नायट्रो पांढरट पडतं. थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. बरेचदा कोरड्या दिवशी हलका हात फवारला की ते परत साफ होतं. त्यापेक्षा कोरडा दिवस बघूनच सुरुवात करावी.

---

सहावी_तार

सगळ्यांचे आभार. तुकड्यावर टर्पेंटाइनची चाचणी केली. काका, शिंतोडे दिसले. एकदा दिसले की दुसरं काही दिसतच नाही. गडद फिलर भरतोय.

दोन शंका. लाल रंग उडतो असं ऐकलंय, खरं का? आणि क्लिअरचे किती हात, किती दिवस थांबायचं?

---

रसायनी

उडतो. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट (मध्ये पिवळ्या, कडेला लाल) लेस पॉल गिटारी बघा. कडेचा लाल काहींवर जेमतेम शिल्लक आहे, काहींवर नुसतं पिवळं, मधाळ उरलंय. आज त्या उडालेल्या रंगावर लोक जीव टाकतात ही वेगळी गोष्ट. साध्या अ‍ॅनिलिन डायपेक्षा मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचे डाय उजेडात बरेच जास्त टिकतात, मिसळायचे तर ते घ्या. त्याहून टिकाऊ हवं तर रंगद्रव्य, पण त्यानं लाकडाची रेष झाकोळते.

---

घोटाई

क्लिअरचे आठ ते बारा पातळ हात, दिवसाला तीनपेक्षा जास्त नाहीत, दोन हातांत तासा-दोन तासांचं अंतर. सुरुवातीचे हात इतके पातळ द्या की ओघळ येण्याची सोयच राहू नये. ओघळ आलाच तर ओला असताना हात लावायचा नाही, वाळला की ब्लेडनं तासायचा. कॅन कोमट पाण्यात ठेवून मग मारा, फवारा बारीक पडतो. उकळत्या नाही, कोमट.

हॉर्न (बॉडीची शिंगं) आणि कटअवेच्या (नेकजवळच्या खोलगट भागाच्या) आत लाकडाची टोकं उघडी असतात, तिथे लाकूड घटाघटा पितं. तिथे आधी शेलॅकचा एक जादा हात. आणि २२० ऐवजी ३२० पर्यंत घासा, नाहीतर तिथे रंग काळवंडतो.

मग बॉडी टांगून ठेवा आणि किमान तीन-चार आठवडे विसरून जा. परीक्षा नाकानं घ्यायची: जवळ नेल्यावर थिनरचा वास येतोय तोवर ते आकसतंय. वास गेला की १००० किंवा १२०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब, खाली रबरी ठोकळा. ओलं घासताना पाणी स्क्रूच्या भोकांत जाऊ देऊ नका. तिथलं उघडं लाकूड फुगतं आणि लॅकर भोकाभोवती उचलतं. १५०० आणि २००० झालं की पॉलिशिंग कंपाउंड, मऊ कापडानं हातानंच. कडांवर घासूच नका म्हटलं तरी चालेल, शेवटचा २००० फक्त ओझरता. सगळ्यात आधी कडाच उघड्या पडतात, आणि तुमच्या बाबतीत रंग वरच्या थरात आहे, म्हणजे तिथे थेट फिकट लाकूड डोकावेल.

तयार झाल्यावर गिटार रबराच्या स्टँडवर ठेवू नका. काही रबरांतलं प्लॅस्टिसायझर (लवचीक ठेवणारं रसायन) नायट्रोला मऊ करतं, ठसा पडतो तो कायमचा. स्टँडला सुती कापड गुंडाळा.

---

रंधा

सगळे फिलरमध्ये रमले, म्हणून एवढंच: फवारण्याआधी नेक बसते तो खाचा टेपनं झाका. आत लॅकर साचलं की नेक दाबून बसवावी लागते आणि खाच्याच्या कोपऱ्यातून चीर धावते. पिकअपच्या खाचाही झाका. ब्रिजची आणि स्क्रूची भोकं आधीच पाडून त्यांचे काठ काउंटरसिंकनं हलकेच उतरते करा, नाहीतर स्क्रू वळवताना लॅकरचा टवका उडतो. टेप शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच काढा, सरळ वर न उचलता उलटी दुमडून, कडेपासून बाहेरच्या दिशेनं.